महिनाभर लोखंडाला हात नाही

धाडकन आवाज झाला आणि अख्ख्या जिमनं हातातलं थांबवलं.

खाली पडलं होतं साडेसात किलोचं डंबेल. साडेसात! सकाळच्या बॅचला येणाऱ्या बायका ते हातात धरून सासूच्या गोष्टी सांगतात. आणि ज्याच्या हातनं ते पडलं तो माझा थोरला भाऊ, सुकुमार मगदूम. एके काळी बेंचवर पडून एकशे चाळीस किलो छातीवरनं वर ढकलणारा गडी. इचलकरंजीत जिम म्हटलं की लोक ज्याचं नाव घेत, तो. डंबेल गडगडत भिंतीला जाऊन टेकलं, तरी दादा तिथंच उभा. आपल्या हाताकडं बघत.

सगळ्यांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या पाटीकडं, आणि मग माझ्याकडं.

पाटी मीच रंगवून आणली होती. पुण्यात सहा महिने ट्रेनरचा कोर्स करून आलो होतो, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं आणि डोक्यात शिस्तीचं वारं भरलं होतं. पाटीवरचे नियम मात्र माझे नव्हते, दादाचेच होते. पंधरा वर्षं तो ते तोंडानं सांगत आला होता. बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यानं ही जिम उभी केली तेव्हापासून. वजन आपटायचं नाही, तान्हं पोर पाळण्यात ठेवतात तसं ठेवायचं. बेंचवरनं उठलास की आपला घाम आपण पुसायचा. ज्यानं प्लेट चढवली त्यानंच ती उतरवून जागेवर लावायची. मी फक्त त्यांना नंबर घातले आणि खाली लाल अक्षरांत दहावा नियम लिहिला: नियम मोडणाऱ्याने महिनाभर लोखंडाला हात लावू नये. तोही त्याचाच.

पाटी लागली त्या दिवशी दादा हसला होता. “माझंच तोंड भिंतीला टांगलंस की रं, शीतल्या.”

शीतल म्हणजे मी. आमच्या जैन घरांत हे पुरुषाचंही नाव असतं. दादा म्हणायचा, आईनं नाव शीतल ठेवलं आणि डोकं चुलीतनं काढून बसवलं. खोटं नव्हतं ते. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि कुठल्याही गोष्टीवरनं माझा पारा चढायचा.

डंबेल पडलं त्या दिवशी मीच पुढं झालो. डंबेल उचललं, स्टँडवर ठेवलं. दादा म्हणाला, “खांदा धरलाय जरा.”

“मग घरी बसावं,” मी म्हणालो. हसतच म्हणालो, पण म्हणालो.

गोष्ट एका डंबेलाची असती तर सोडून दिली असती. पण महिनाभर हेच चाललं होतं. बारला पाच-पाच किलोच्या प्लेटा लावायला तो कुणाला तरी सांगायचा, आठ-दहा वेळा बार खालीवर करायचा आणि प्लेटा तशाच ठेवून निघून जायचा. बेंच ओला. नॅपकिन बेंचवरच पडलेला. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडं, बाटली लवंडलेली, फरशीवर पाणी. ज्या माणसानं एकेकाला कान धरून पुसायला लावलं, तोच आता सरदारासारखा सगळं पसरून जायचा आणि मागनं आम्ही आवरायचं.

नायकवडी सरांनी मला एकदा बाजूला घेतलं. सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे, दादाच्या पहिल्या बॅचचे. कुणाची चुगली करणाऱ्यांतले नव्हेत. बिचकतच म्हणाले, “शीतल, वाईट वाटून घेऊ नको. पण नवीन पोरं बोलायला लागलीत. नियम गिऱ्हाइकाला आणि मालकाला सूट, असं.”

“मी बघतो, सर.”

“तू बघू नको. विचार त्याला. काहीतरी बिनसलंय.”

विचार म्हणाले होते ते. मी विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलंय काय बिनसलंय ते. मी पुण्याहून आलो, पोरं आता मला विचारायला लागली, माझ्या सर्टिफिकेटाकडं बघायला लागली. थोरल्या भावाला ते टोचणारच. माणूस आहे तो पण. असं मी मनाशी ठरवून मोकळा झालो आणि वर स्वतःला मोठा समजूतदार समजायला लागलो.

घरी आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. त्या संध्याकाळी त्रिशलावहिनी दादाच्या ताटात भाकरीचे तुकडे मोडून, मटकीच्या उसळीत कुस्करून देत होत्या. पुढं चमचा ठेवलेला.

“आयला!” मी म्हणालो. “लग्नाला तेरा वर्षं झाली आणि आता लाड सुरू झाले होय? भाकरीसुद्धा मोडून?”

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होत्या. दादा आधी बोलला.

“तुला कुणी मोडून देत नाही म्हणून जळतोयस. लग्न कर आधी.”

मी हसलो, तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणायला म्हणून गेलेलं माणूस जेवण संपेपर्यंत बाहेर आलं नाही. मी ते बघितलं होतं. बघितलं सगळंच होतं हो मी. समजून घ्यायला डोळे पुरत नाहीत, एवढंच.

त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. गडहिंग्लजला जिल्हा पातळीवरची बेंचप्रेसची स्पर्धा होती. पंचवीस दिवस राहिले होते. मला एकशे पंधरा उचलायचे होते आणि माझ्यामागं दादा उभा असणार होता. बेंचवर आडवं पडून जड वजन घेताना डोक्यामागं एक माणूस उभा लागतो. आम्ही त्याला सपोर्ट म्हणतो. तो स्टँडवरनं बार काढून तुमच्या हातात देतो आणि तुमचे हात थकले, तुम्ही “घे” म्हणालात, की तोच बार वरच्या वर उचलून घेतो. तो नसला तर बार तुमच्या छातीवर. गडहिंग्लजच्या स्पर्धेत आपला माणूस मागं उभा करायची मुभा होती. मी पहिल्यांदा रिकामा बार धरला तेव्हापासनं माझ्यामागं दादाच होता. डोळे उघडले की वर त्याची उलटी हनुवटी दिसायची. ती दिसली की मला शंभर किलोही हलके वाटायचे. खरं सांगतो.

पाटीवरचा सातवा नियम ह्याचाच होता. मागं उभं राहिल्यावर नजर हलवायची नाही. आणि आपल्या हाताचा भरवसा नसेल तर कुणाच्या मागं उभं राहायचं नाही.

तो नियम मी एकदा मोडला होता. सतरा वर्षांचा असताना. मित्राच्या मागं उभा होतो आणि दारातनं जाणाऱ्या पोरींकडं बघत बसलो. मित्र खालनं “घे, घे” म्हणतोय आणि माझं लक्ष नाही. बार त्याच्या छातीवर बसला. बरगडी वाचली, नशीब. दादानं सगळ्यांच्या देखत मला सांगितलं, महिनाभर लोखंडाला हात लावायचा नाही. मी रडलो, आईनं रदबदली केली, पण एक दिवस कमी केला नाही त्यानं. महिनाभर मी लाजेनं जिमच्या बोळातनंसुद्धा गेलो नाही.

आणि आता तोच दादा गेल्या पंधरा दिवसांत माझ्यामागं उभं राहायला टाळत होता. “सर, आज तुम्ही उभे राहा,” म्हणायचा. नाहीतर ऐन वेळी फोन आला म्हणून बाहेर जायचा. स्पर्धा तोंडावर आलेली! माझा आतल्या आत तिळपापड व्हायचा.

त्या गुरुवारी सगळं फुटलं.

मी शंभर किलोचा सेट संपवला होता. बारच्या दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या दोन-दोन प्लेटा. बार स्टँडवर असताना प्लेटा काढायची आमच्यात एक पद्धत आहे. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, आकडे मोजायचे आणि एका वेळी एकेकच प्लेट, दोघांनी बरोबर काढायची. एक बाजू भरलेली आणि एक रिकामी झाली की बार उलटतो.

“दादा, त्या बाजूनं ये,” मी हाक मारली.

तो जरा थांबला. मग आला. प्लेटेवर दोन्ही तळवे ठेवले.

“एक, दोन, तीन!”

मी घाईत होतो. रागातही होतो. एकेक काढायचं सोडून मी माझ्या दोन्ही प्लेटा एकदम ओढल्या. दादाच्या एकही निघाली नाही. बार त्याच्या बाजूला खाली गेला, माझ्या बाजूचं टोक माझ्या हनुवटीला चाटून वर उडालं, त्याच्या प्लेटा सुटून खाली आदळल्या. एक घरंगळत जाऊन नायकवडी सरांच्या बुटाला लागली. इंचभर इकडं आली असती तर सरांचा पाय गेला असता.

दोन पोरं धावत सरांकडं गेली. बाजूच्या कारखान्यातले माग खटाखट चालूच होते.

“झोपला होतास काय?” मी ओरडलो.

“नाही निघाली रं,” दादा म्हणाला.

“नाही निघाली? वीस किलोची प्लेट नाही निघाली? सुकुमार मगदूमला?”

तो आपल्या तळव्यांकडं बघत होता.

“महिना झाला, बघतोय मी. डंबेल आपटतोस, बेंच पुसत नाहीस, प्लेटा लावत नाहीस. सगळी पोरं बघतायत. आज सरांचा पाय गेला असता. काय वाटतं तुला, नियम काय फक्त लोकांच्या पोरांना असतात?”

“शीतल, बास,” सर म्हणाले.

“बास कसं, सर? दुसऱ्या कुणी केलं असतं तर ह्यानं काय केलं असतं?” मी पाटीकडं बोट केलं. “दहावा नियम कुणाचा आहे, दादा? सांग की. वाच की सगळ्यांना मोठ्यानं.”

माझ्या तोंडाला त्या वेळी कुणी कुलूप का घातलं नाही, असं मला आजही वाटतं. पण घालणारा एकच होता आणि तो समोर मान खाली घालून उभा होता.

दादानं पाटीकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाला, “महिनाभर लोखंडाला हात लावायचा नाही. बरोबर आहे तुझं, शीतल.”

शीतल. शीतल्या नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं नाव सरळ घेतलं होतं.

“पण गडहिंग्लजला मागं तूच उभा राहायचंस,” मी म्हणालो. इतकं सगळं बोलून झाल्यावर हे म्हणालो! कसा माणूस होतो बघा.

त्यानं नॅपकिन खांद्यावर टाकला आणि गेला.

मला वाटलं, रुसून घरी बसेल. तसं नाही. दुसऱ्या दिवसापासनं तो रोज वेळेवर यायचा, दाराजवळच्या स्टुलावर बसायचा, पोरांना तोंडानं सांगायचा. कोपर आत घे. श्वास सोड. पाठ टेकव. लोखंडाला मात्र बोट लावायचा नाही. एकदा एक प्लेट त्याच्या पायाशी येऊन पडली, तर त्यानं ती पायानंसुद्धा सरकवली नाही. दुसऱ्याला हाक मारली.

मला तो अभिनय वाटायचा. बघा, किती मोठा मी, धाकट्या भावाची शिक्षा भोगतोय. नायकवडी सर दोनदा म्हणाले, “मागं घे की रे तुझं ते. भाऊ आहे तो.” मी म्हणालो, “मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा त्यानं मागं घेतलं होतं?”

गडहिंग्लजला आम्ही एसटीनं गेलो. मी, दादा, सर. दादानं वाटेत शेंगदाण्याची पुडी माझ्या मांडीवर ठेवली. “खा. पोट रिकामं ठेवू नको.” मी खाल्ले. त्यानं एकही दाणा घेतला नाही.

हॉल गच्च भरला होता. पहिल्या उचलीत मी शंभर घेतले, दुसरीत एकशे आठ. दोन्हींना आयोजकांचा माणूस मागं होता, दादाला मी मुद्दामच शेवटच्या उचलीसाठी राखून ठेवलं होतं. तिसरी उचल एकशे पंधराची. माझं नाव पुकारलं. मी हाताला खडूची पूड लावली आणि पहिल्या रांगेकडं बघून म्हणालो, “दादा, ये.”

तो उठला नाही.

“दादा, वेळ जातोय. मागं ये.”

“सरांना घे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“महिना अजून संपला नाही. सहा दिवस राहिलेत. लोखंडाला हात लावायचा नाही म्हणालास.”

पंचाकडनं दुसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं. मी त्याच्याजवळ गेलो. वाकून, दातओठ खात विचारलं, “एवढा राग धरलास? आजच्या दिवशी? माझ्यावर?”

दादानं माझ्या डोळ्यांत बघितलं.

“होय,” तो म्हणाला. “आहे मला राग. जा आता.”

नऊ वर्षं ज्याची हनुवटी बघून मी वजन उचललं, त्यानं भरल्या हॉलमध्ये मला सांगितलं की मी तुझ्यामागं नाही. मी बेंचवर आडवा पडलो. वर नायकवडी सरांचा घामेजलेला चेहरा. एकशे पंधरा किलो मी कशानं उचलले ते मलाच माहीत नाही. ताकदीनं नाही. संतापानं. बार वर गेला, पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागले, हॉल दणाणला. माझ्या गटात मी पहिला आलो होतो.

आमच्यात नववा नियम आहे. उचलून झालं की आधी मागच्याला नमस्कार, मग दुसरं काही. मी सरांना हात जोडले. दादा तिथं चार पावलांवर उभा होता. ज्यानं मला हे सगळं शिकवलं त्याच्या पाया पडायला मी गेलो नाही. उलट, त्याला दिसेल असा सरांच्या पाया पडलो. तो टाळ्या वाजवत होता, पण त्याही धड नाहीत. मनगटावर मनगट आपटत होता, आवाजच येत नव्हता. मी मनात म्हटलं, टाळी वाजवायलाही जिवावर आलंय ह्याच्या.

परतीच्या एसटीत मी पुढं बसलो आणि तो मागं.

सहा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सातव्या दिवशी सकाळी, मी आंघोळ करून बाहेर आलो तर दादा अंगणात बूट घालून उभा. बुटाची नाडी वहिनी बांधत होत्या.

“चल, शीतल्या,” तो म्हणाला. “महिना संपला. सपोर्ट दे मला.”

शीतल्या म्हणाला. माझा राग तिथंच अर्धा उतरला. रस्त्यानं आम्ही बरोबर चाललो.

जिममध्ये आम्ही दोघंच होतो. तो बेंचवर आडवा झाला. मी पाच-पाचच्या प्लेटा आणायला वळलो, तर म्हणाला, “नको. रिकामाच.” मी मागं उभा राहिलो. पहिल्यांदाच आयुष्यात मी त्याच्या मागं उभा होतो. आता माझी हनुवटी त्याला उलटी दिसत असणार.

त्यानं हात वर केले, बारवर ठेवले. बोटं मिटेनात.

“जरा आवळून दे,” तो म्हणाला.

“काय?”

“बोटं. बारभोवती आवळून दे माझी.”

मी हसलो. घाबरलो की माणूस हसतो तसा. त्याची बोटं हातात घेतली. अंगठ्याजवळचा मांसल भाग, जो आम्हा वजनवाल्यांचा दगडासारखा टणक असतो, तिथं खड्डा पडला होता. कातडी तेवढी राहिली होती. मी एकेक बोट बारभोवती गुंडाळलं आणि बार सोडवून दिला.

वीस किलोचा रिकामा बार. तो खाली आला, छातीवर टेकला आणि तिथंच राहिला.

“उचल,” मी म्हणालो.

त्याचे दंड थरथरायला लागले. मानेच्या शिरा फुगल्या. बार इंचभर वर आला आणि परत बसला.

“दादा, नाटकं बास झाली. उचल की!”

“घे,” दादा म्हणाला.

पंधरा वर्षं मी त्याला बघत होतो. दीडशेला हात घालून हरलेला बघितला होता, तेव्हाही तो बार कसाबसा एका अंगानं उतरवून उठला होता. पण “घे” हा शब्द त्याच्या तोंडातनं मी कधी ऐकला नव्हता.

मी बार घेतला. एका हातानं आला तो. दादा उठून बसला आणि मग त्यानं सगळं सांगितलं, हिशेबी माणसासारखं, एकामागून एक. चार महिन्यांपूर्वी हातातनं चहाचा कप पडायला लागला. वहिनींना घेऊन मिरजेला गेला. डॉक्टरांनी सुया टोचून तपासलं आणि सांगितलं, शिरांचा आजार आहे, हात आधी जातील, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू स्पर्धेला उभा होतास. तुझं डोकं मला ठाऊक नाही होय? सांगितलं असतं तर सगळं टाकून मिरजेच्या वाऱ्या करत बसला असतास. एकशे पंधरा राहिले असते.”

“आणि गडहिंग्लजला? राग आहे म्हणालास ते?”

“मग काय सांगू? हातात जीव नाही म्हणून सांगू? तू आडवा पडायच्या आधी? बार तुझ्या छातीवर आला असता तर मी काय केलं असतं, नुसता बघत उभा राहिलो असतो?” त्यानं मनगटानं पाटीकडं खूण केली. “सातवा नियम, शीतल्या. हाताचा भरवसा नसेल तर मागं उभं राहायचं नाही.”

मी फरशीवर बसलो. मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायची छाती होत नव्हती. तरी विचारलं.

“एक महिन्यापूर्वी हा बार जात होता वर?”

“जायचा की. पाच-पाच लावूनसुद्धा आठ-दहा यायचे.”

त्यानं ते सहज सांगितलं. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला कळलं मी काय केलं होतं. त्याच्या हातांत एक शेवटचा महिना शिल्लक होता. तो मी काढून घेतला. सगळ्यांच्या देखत, बोट दाखवून. आणि त्यानं तो मुकाट्यानं दिला, स्टुलावर बसून, कारण नियम त्याचाच होता.

पुढं मी मिरजेच्या डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले की व्यायाम केला असता तरी आजार थांबला नसता, एक दिवससुद्धा नाही. असेल. पण त्याला महिनाभर बार धरता आला असता. मी आजाराचं विचारतच नव्हतो.

दादा अडीच वर्षं जगला. शेवटी भाकरी मी कुस्करून द्यायचो. तो गेल्यावर एकदा वहिनींनी सांगितलं, “भाऊजी, तुम्हाला सतरा वर्षांचे असताना महिनाभर बंदी घातली होती ना, तेव्हा ह्यांनीही महिनाभर हात लावला नव्हता. म्हणाले, पोरगं घरात रडतंय आणि मी कुठं वजन उचलू.” मी त्याच्या बंदीच्या महिन्यात एकशे पंधरा उचलले होते. ते पदक वहिनींनी भिंतीला लावलंय. काढा म्हटलं तर काढत नाहीत.

आज जिम मी चालवतो. पाटीवरचा दहावा नियम मी पुसला, लाल रंगाचा ओघळ तेवढा राहिलाय. आता कुणी डंबेल आपटलं, प्लेटा तशाच सोडल्या, तर मी ओरडत नाही. आधी जवळ जातो, त्याचा हात हातात घेतो आणि दाबून बघतो. पोरांना वाटतं, सर शेकहँड करतायत. पकड घट्ट लागली की मग यथेच्छ शिव्या घालतो.

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं.

मी फरशीवर बसून लहान पोरासारखा रडत होतो. दादा बेंचवरनं उठला. खांद्यावरचा नॅपकिन दोन मनगटांमध्ये धरला आणि बेंच पुसायला लागला. नॅपकिन सुटायचा, तो परत धरायचा. “राहू दे, दादा, मी पुसतो,” मी म्हणालो. “घाम माझा आहे,” तो म्हणाला. पार पायथ्यापर्यंत पुसून काढलं त्यानं. मग माझ्यासमोर आला. हात जोडता येत नव्हते, म्हणून दोन्ही मनगटं एकमेकांना लावली आणि कपाळाशी नेली.

“हे काय करतोयस?” मी म्हणालो. “माझ्यापुढं?”

“पाटीवर तूच लिहिलंयस की,” दादा म्हणाला. “उचलून झालं की आधी मागच्याला नमस्कार.”